कामाची हळद

आमच्या वसाहतीला कागदावर मोठं भारदस्त नाव होतं. कुणा पुढाऱ्याच्या आईचं नाव आणि पुढं 'नगर'. ते नाव फक्त लग्नपत्रिकेवर छापायच्या कामाला यायचं. एरवी रिक्षावाले, पोस्टमन, शाळेतल्या बाई, सगळे आम्हाला 'यार्डामागचे' म्हणायचे. सांगलीचा मार्केट यार्ड ओलांडला, गुळाची गोदामं मागं पडली, की डांबर संपायचं. डांबर संपलं की आम्ही सुरू व्हायचो.

माझ्या जन्माआधी तिथं शाळूचं रान होतं म्हणे. मग कुणीतरी त्याचे गुंठे पाडले आणि यार्डातल्या हमालांनी ते घेतले. जत, आटपाडी, कवठ्याकडची माणसं, काही पार विजापूरच्या बाजूची. दुष्काळानं त्यांना इकडं ढकललं आणि यार्डातल्या पोत्यांनी धरून ठेवलं. घरं आधी पत्र्याची झाली, मग विटांची. मग पुढच्या भिंतीला गिलावा आणि मागची भिंत तशीच, कारण मागची कोण बघतो. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी धरायची की आम्ही चपला हातात घेऊन नाक्यापर्यंत जायचो, तिथल्या हापशावर पाय धुवायचो आणि मग चपला घालून शहरात शिरायचो. बसची वाट बघणाऱ्यांना आमची लय गंमत वाटायची. आम्हाला त्यांच्या पांढऱ्या मोज्यांची वाटायची.

आता तिथं सिमेंटचे रस्ते आहेत. गेल्या वेळी गेले तेव्हा मला रिक्षावाल्याला आमची गल्ली दाखवता येईना, शेवटी त्यानंच मला दाखवली. घरांवर घरं चढली आहेत आणि माणसं दारं लावून घेतात. सुधारणा झाली, वाईट कशाला म्हणू. पण माझ्या मनातली गल्ली नव्वदच्या दशकातली आहे, उघड्या दारांची आणि पिवळी.

पिवळी म्हणजे खरोखर पिवळी. पुरुष हळदीची पोती वाहायचे आणि बायका हळद निवडायच्या. शेतावरून शिजवून, वाळवून आलेली हळद गोदामात मोठ्या ड्रममध्ये घोळून साफ व्हायची आणि मग बायकांच्या पुढ्यात ओतली जायची. लांबट हळकुंडं एका बाजूला, गोल गड्डे दुसऱ्या बाजूला, किडकं-तुटकं तिसरीकडं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडी घालून हेच काम. त्यांच्या अंगावर, केसांत, लुगड्यांत ती भुकटी बसायची आणि घरी यायची. आमच्या उशा पिवळ्या, भिंतीचे कोपरे पिवळे, मांजरसुद्धा पोटाकडून पिवळं. शाळेचे पांढरे सदरे पहिल्याच महिन्यात पिवळट पडायचे. वर्गात बाई एकदा म्हणाल्या, आईला सांगा, थोडी नीळ घालत जा. आमच्या आयांनी थोडी घालायची कशाला, मुठीमुठीनं घातली. पुढचा आठवडाभर यार्डामागची सगळी पोरं हिरवट सदऱ्यांत शाळेला गेली. बाईंनी तोंडाला पदर लावला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

संध्याकाळी कामावरून सुटलेल्या बायका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळावर थांबायच्या. तो नळ म्हणजे आमची चावडी. तिथं मराठी, कानडी आणि चाचीची दखनी अशा तिन्ही भाषांत भांडणं व्हायची आणि मिटायचीही. चाची आमच्या शेजारची, तिचा नवरा यार्डात बैलगाडी हाकायचा. गणपतीत आरतीला ढोल त्याचाच असायचा आणि मोहरमला त्यांच्या पंजापुढं पहिला मलिदा आमच्या गल्लीतून जायचा. हे काही कुणी ठरवून केलेलं नव्हतं. ढोल त्याच्याकडं होता आणि मलिदा आमच्या बायकांना चांगला जमायचा, एवढंच.

नळावर सगळ्या बायका हातपाय धुवायच्या. धुवायच्या म्हणजे काय, दोन तांबे पाणी ओतायचं आणि घराकडं वळायचं. हळद थोडीच जाते तशी. उद्या पुन्हा तेच, मग घासायचं कशाला.

एकटी माझी आई घासायची. तिची लिंबाची फोड नळाच्या कट्ट्यातल्या खोबणीत ठेवलेली असायची. त्या फोडीनं बोटं, बोटांच्या बेचक्या, तळव्याच्या रेघा, नखांच्या कडा ती एकेक करून चोळायची. मग विटेच्या तुकड्यानं. हाताची कातडी पांढरीफटक पडेपर्यंत. मागं घागरी घेऊन बायका ताटकळायच्या, पण आई हात धुवत असताना कुणीही तिला आवर म्हणत नसे. आमच्या नळावर हे केवढं मोठं नवल होतं, ते तिथं पाणी भरलेल्यालाच कळेल.

वडील असताना ती अशी घासत नव्हती, हे मला ताई सांगायची. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. वडील हमाल होते. मी फार लहान असताना छातीच्या दुखण्यानं गेले. मला त्यांचं आठवतं ते फक्त खांद्यावर पोत्याखाली घ्यायचं जाड फडकं. ते गेल्यावर आई महिनाभर घरात बसली आणि मग पुन्हा गोदामात जाऊ लागली. त्या पहिल्या संध्याकाळी तिनं लिंबू मागितलं. नवरा गेलेल्या बाईच्या हाताला हळद शोभत नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि पोट तर हळदीवरच होतं. त्यातून तिनं हा मार्ग काढला. दिवसभर हात पिवळे झाले तरी घरात पाय टाकताना ते कोरे पाहिजेत.

मला हे कळायला लागलं तेव्हापासून मी चिडायला लागले. माझा स्वभाव मुळातच तिखट. आमच्याकडं म्हणायचे, ही पोरगी मिरचीच्या गोदामात जन्मली.

गोदामात एक जुनी रीत होती. निवडणाऱ्या बाईच्या घरात लग्न निघालं की तिनं ढिगातून एक ओंजळ हळद न्यायची. त्या वेळी मालक मुद्दाम तोंड फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहायचा. म्हणजे त्यानं दिली नाही आणि आपण चोरली नाही. 'हळद आपल्या पायानं लग्नाला गेली,' असं आक्का म्हणायची.

आक्का म्हणजे मुकादमीण, आमच्या गल्लीतल्या बायकांच्या टोळीची प्रमुख. कोण कुठल्या गोदामात बसणार, काय निवडणार, कधी उठणार, ते ती सांगायची. जतच्या पलीकडची, अंगानं थोराड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मराठीत बोलता बोलता रागावली की कानडीत शिरायची, आणि ती कानडीत शिरली की समोरच्यानं निघून जायचं असतं एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

ती लग्नाची ओंजळ भरायचं काम माझ्या आईचं होतं. का, ते विचारू नका. वसाहतीतल्या पहिल्या लग्नाला तिनं भरली होती आणि ते जोडपं सुखानं नांदलं, मग दुसऱ्या लग्नालाही तिलाच सांगितलं, आणि तसंच पडून गेलं. वडील गेल्यावर ही रीत मोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पुढच्या लग्नघरची बाई बिचकत तिच्या ढिगापाशी येऊन उभी राहिली. आई म्हणाली, "भरती की. ओंजळ भरायचं म्हंजे कामच हाय." तिनं बोटभर लांबीची, एकसारखी, पिवळीधमक हळकुंडं वेचली आणि त्या बाईच्या पदरात घातली.

पण तिथंच थांबली. पुढं ती हळद उखळात कांडणं, मुसळाला आंब्याचा टहाळा बांधणं, नवरीला लावणं, हे सगळं सुवासिनींचं. गल्लीत कुणाच्या घरी हळदीचा कार्यक्रम असला की त्या दिवशी आई कामावर. सगळ्या बायका सुट्टी घ्यायच्या आणि आई कामावर जायची. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आक्का सोडत न्हाई. मालाची घाई हाय."

एकदा, मी पाचवीत-सहावीत असेन, तिला सरळ विचारलं, "आई, तू रोज पोत्यानं हळद हाताळतीस. मग लग्नातल्या वाटीभर हळदीला काय झालंय?"

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "ती कामाची हळद. ही मानाची."

"दोन्ही एकाच ढिगातली हाय की."

"माणसंबी एकाच ढिगातली असत्यात," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. विषय संपला. तिच्याशी वाद घालायची सोयच नव्हती, ती आवाज चढवत नसे.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, आता तरी. स्वतःच्या मुलीचं लग्न. आमच्याकडं हळद आदल्या दिवशी लागायची आणि लग्न दुसऱ्या दिवशी. हळदीच्या दिवशी सकाळी आईनं सगळ्या स्वयंपाकाचं सामान काढून दिलं, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डबा घेऊन कामावर निघून गेली. ताईला आमच्या चुलतीनं आणि गल्लीतल्या बायकांनी हळद लावली. ताई पाटावर बसून रडत होती आणि बायका म्हणत होत्या, सासरी जायचं म्हणून रडतीया. मंडपात आलेल्या पाहुण्यांनी आक्काला मनसोक्त शिव्या घातल्या. काय बाई आहे, लेकीच्या हळदीला आईला सोडत नाही, काळीज आहे का दगड. आक्का स्वतः त्या दिवशी हळदीला फिरकली नाही. पाच सुवासिनींत पहिला मान मुकादमिणीचा, पण ती आली नाही. मला तिचा इतका राग आला की पुढं कितीतरी दिवस मी तिच्या दारावरून जाताना मान वळवायची.

त्या दिवशीच मी मनाशी ठरवलं. मला हळद लावेल ती आईच. नाहीतर मी लावूनच घेणार नाही. हे मी मोठ्यानं बोलूनही दाखवलं. सगळे हसले.

माझं लग्न ठरलं ते कोरेगावकडं, सातारा जिल्ह्यात. माणसं शेतकरी, सरळ. नवऱ्याची आत्या मात्र मोठी चौकस. नवऱ्याला लागलेली उष्टी हळद नवरीला लागते, ही सगळीकडची रीत. पण यार्डामागच्या पोरीच्या लग्नात नवऱ्याला लागणारी हळदसुद्धा आमच्याकडून जायची, हा आमचा तोरा. ते ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "का? आमच्या रानात हळद पिकत न्हाई व्हय?" चाचीनं त्यांना शांतपणे सांगितलं, "पिकती की. पिकती आन् आमच्याकडंच येती निवडायला." आत्याबाई त्या दिवसापासून नजर ठेवून राहिल्या.

माझ्यासाठीची ओंजळ आईनं भरली. किती वेळ लावला तिनं. एकेक हळकुंड उचलायची, बघायची, परत ठेवायची. बायका हसल्या, म्हणाल्या, "अगं, हळद निवडतीस का जावई?" आई पण हसली. त्या रात्री जेवताना मी तिला म्हटलं, "परवा तू घरात थांबायचं."

"बघू."

"बघू न्हाई. थांबायचं आणि हळद लावायची. मला पहिल्यांदा तुझा हात पायजे."

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "पोरी, माझं काय वाईट व्हायचं ते होऊन गेलं. तुझ्यावर सावली नगं." तिला हळद लावायची नव्हती असं नाही, हे मला कळत होतं. तिला ती इतकी लावायची होती की ती भ्यायली होती. माझं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या हातानं झालं, हे तिला सोसणार नव्हतं. आणि मला तिच्या हाताशिवाय हळद लागणं सोसणार नव्हतं.

हळदीचा दिवस रविवारी आला. मला बरं वाटलं, कारण रविवारी यार्ड बंद. सौदा नाही, गोदामं नाहीत. आता कुठं जाशील, असं मी मनात म्हटलं. पहाटे उठून बघते तर आई डबा भरत होती.

"आज यार्ड बंद हाय," मी म्हटलं.

"आक्कानं बोलीवलंय. माल भरायचाय." आणि माझ्याकडं न बघता बाहेर पडली.

घरात पाहुण्यांची गर्दी. दारात मांडव, चुलीवर मोठं पातेलं, चुलती सगळ्यांवर ओरडत होती. नवऱ्याकडची मंडळी जवळच्या शाळेत उतरली होती, त्यांच्याकडं हळदीचं ताट वाजतगाजत गेलं. उष्टी हळद यायला अजून दुपार होणार होती. मी कोपऱ्यात बसले होते आणि माझं डोकं फिरत चाललं होतं. रविवारी कसला माल. माझ्या लग्नात सुद्धा त्या बाईला दया नाही. एका क्षणी मी उठले, परसात जाऊन येते असं चाचीला म्हणाले, मागच्या दारानं निघाले आणि थेट यार्डाची वाट धरली. आज आक्काशी भांडायचंच. कानडीत तर कानडीत.

हळदीच्या दिवशी नवरी रस्त्यानं एकटी चाललेली कुणी पाहिली असेल असं वाटत नाही. हातात हिरवा चुडा, अंगावर आईचं जुनं लुगडं, कारण नवं हळदीनंतर नेसायचं. यार्डात चिटपाखरू नव्हतं. बंद दुकानांसमोर कुत्री झोपलेली. आमच्या गोदामाचं शटर मात्र गुडघ्याएवढं वर केलेलं होतं. मी वाकून आत शिरले.

आत मोठं, रिकामं गोदाम, उंच झरोक्यातून आलेलं ऊन आणि मधोमध दोनच बायका. आक्का आणि आई. बाकी सगळ्या तर आमच्याच मांडवात होत्या. आईच्या पुढ्यात एक लहानसा ढीग होता आणि ती निवडत होती. मी जवळ गेले तेव्हा बघितलं. तो ढीग निवडून झालेलाच होता. सगळी एकसारखी हळकुंडं. आई त्यातलं एकेक उचलून डाव्या हाताला ठेवत होती. डावीकडचा ढीग मोठा झाला की आक्का हातानं तो पुन्हा तिच्यापुढं लोटत होती.

माझं भांडायचं राहूनच गेलं. आक्कानं मालकाकडून किल्ली मागून घेतली होती. रविवारी. आईला कुठंतरी बसायला जागा असावी म्हणून. आणि ताईच्या वेळीही तसंच असणार. सगळ्या लग्नांत तसंच. पाहुण्यांच्या शिव्या, तिचा स्वतःचा सोडलेला सुवासिनीचा मान, माझं मान वळवून जाणं, सगळं तिनं खाली मान घालून घेतलं होतं. आईला 'मला हळदीला थांबता येत नाही' असं म्हणावं लागू नये, 'मुकादमीण सोडत नाही' असं म्हणता यावं, म्हणून.

आईनं मला बघितलं आणि तिचा हात तसाच राहिला. "आगं बया. येडी हाइस का तू? नवरीनं असं भाईर पडायचं असतंय व्हय?"

"अजून हळद कुठं लागलीय. लागल्यावर नवरी." मी तिच्यासमोर, ढिगाच्या पलीकडं मांडी घालून बसले. "लाव."

"घरी सुवासिनी हाईत."

"त्या लावतील की. त्या मानाची लावतील. तू मला कामाची लाव." माझा आवाज फुटला, पण मी बोलत राहिले. "तूच म्हणालीवतीस. कामाची येगळी आणि मानाची येगळी. मानाची तुला चालत न्हाई, कामाची रोज चालती. मग कामाची लाव. मी कामाच्याच हळदीवर वाढलीया."

तिनं आक्काकडं बघितलं, सुटका करावी असं. मला वाटलं, आक्का आता मला हाकलणार. आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला आणि अगदी रोजच्या मुकादमिणीच्या आवाजात म्हणाली, "मुकादम कोण हाय हितं?"

"तुमी," आई म्हणाली.

"आज कामावर हाइस का न्हाईस?"

"हाय."

"मग सांगितलेलं काम करायचं. त्या पोरीला हळद लाव. झाल्याबिगार उठायचं न्हाई." एवढं बोलून ती शटरपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत उभी राहिली, अगदी मालक उभा राहायचा तशी.

इतक्या वर्षांत आईनं आक्काचं एकही काम नाकारलेलं नव्हतं. मग तिनं चाळणीखाली पडलेली भुकटी दोन्ही हातांनी गोळा केली. प्यायच्या माठातलं पाणी तांब्यात घेतलं, तळहातावर थोडं ओतलं, भुकटी कालवली. तिनं आधी माझे पाय धरले. हळद खालून वर लावतात. पायाला, गुडघ्याला, हातांना, खांद्याला, मग गालांना आणि शेवटी कपाळाला. क्रम ती विसरली नव्हती.

"टाचा किती फुटल्यात गं तुझ्या," ती म्हणाली. एवढंच बोलली. मी हुंदके देऊन रडत होते. ती रडत नव्हती. एखादं अवघड काम नीट जमावं म्हणून माणूस ओठ दाबून करतं, तशी ती माझ्या टाचांच्या भेगांत हळद भरत होती. कपाळाला लावून झाल्यावर तिनं हात मागं घेतला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "झालं, आक्का."

"झालं न्हवं? मग पोरीला वाटंला लाव," आक्का पाठमोरीच म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. आई मात्र माझ्यासोबत आली नाही. संध्याकाळपर्यंत बसते म्हणाली, कामाचा दिवस आहे. मी ओढून बघितलं. मग सोडून दिलं. तिनं जेवढं दिलं तेवढं पुष्कळ होतं.

घरी पोहोचले तेव्हा चुलतीनं कपाळावर हात मारून घेतला होता आणि चाची नवरी परसात आहे, आंघोळीला आहे, अशा थापा मारून दमली होती. तेवढ्यात उष्टी हळद घेऊन मंडळी आली. मला पाटावर बसवलं. आत्याबाई पुढं झाल्या, माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"हिला आधीच कुणी लावली हळद?" त्यांनी विचारलं.

मांडवातल्या बायका पुढं सरकल्या. त्यांनीही माझे पाय बघितले होते. आयुष्यभर हळदीत बसलेल्या बायका त्या, उखळात कांडलेली हळद आणि चाळणीखालची भुकटी त्यांना लांबून ओळखू येते. कोण कुठं होतं आणि काय झालं असेल, ते त्यांना विचारावं लागलं नाही. चाचीनं उष्ट्या हळदीची वाटी उचलली आणि म्हणाली, "आवं आत्याबाई, यार्डामागची पोर हाय ती. हितं मांजर सुदीक पिवळं असतंय. तुमी दोन दिवस ऱ्हावा, तुमीबी व्हताल."

सगळा मांडव हसला. आत्याबाईही हसल्या. मग पाच सुवासिनींनी मला रीतसर मानाची हळद लावली. त्या हळद लावताना माझ्या पायाशी जरा जास्त वेळ थांबत होत्या, असं मला वाटलं.

दिवे लागायच्या वेळेला आक्का आणि आई गल्लीत शिरल्या. मी दारात बसले होते, तिथून नळ दिसायचा. बायका पाणी भरत होत्या. आईला येताना बघून त्यांनी सवयीनं घागरी बाजूला ओढल्या आणि नळ मोकळा केला. लिंबाची फोड खोबणीत होती. आई नळापाशी आली. थांबली. मग पदर सारखा केला आणि तशीच पुढं चालत घरी आली.

पंगती झाल्यावर नवरीला घरच्यांनी घास भरवायचे असतात. ताईनं भरवला, चुलतीनं भरवला. मग आई ताट घेऊन माझ्यासमोर बसली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे होते, नखांच्या कडासुद्धा. आत्याबाई बघत होत्या, सगळे बघत होते. तिनं भाताला वरण लावलं, नीट कालवलं आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला.

तो घास हळदीनं कडू लागला. मी ताटातलं एक शीतही ठेवलं नाही.